शब्दाला चांदणी लावताना

संसदेत एक चांदणी असते. लोकसभेच्या एखाद्या सदस्याला आपल्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यावं असं वाटत असेल, तर प्रश्न देताना तो त्यावर चांदणीची खूण करतो. हा ‘तारांकित प्रश्न’. आपल्या विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की बातम्यांमध्येही हा शब्द रोज भेटतो. खूण नसलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि विषय तिथेच थांबतो. खूण असलेल्या प्रश्नाचं तसं नाही. मंत्री उभे राहून उत्तर देतात, मग त्यावर उपप्रश्न येतात, आणि तयारी न करता आलेल्या मंत्र्यांची पंचाईत होते. लोकसभेत अशा प्रश्नांना दिवसाला २० ची मर्यादा आहे. इच्छुक जास्त असतात, म्हणून सोडत काढून निवड होते.

या चांदणीचा दिसण्याशी काही संबंध नाही. प्रश्न मोठ्या अक्षरात छापा किंवा लाल रंगात छापा, असं ती सांगत नाही. या प्रश्नाचं पुढे काय करायचं, एवढंच ती सांगते.

आता तीच चांदणी आपल्या फोनवर. व्हॉट्सॲपवर ‘उद्या’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक चांदणी लावून संदेश पाठवला, तर समोरच्याला चांदण्या दिसत नाहीत, ‘उद्या’ ठळक दिसतो. अंडरस्कोर लावले तर शब्द तिरपा होतो. लाटेसारखी ~ ही खूण लावली तर शब्दावर रेघ ओढली जाते. व्हॉट्सॲपने ही सोय २०१६ मध्ये दिली, पण पद्धत जुनी आहे. तिच्या सगळ्यात पसरलेल्या रूपाचं नाव मार्कडाउन. साधा मजकूर, त्यात कीबोर्डवरच्या साध्या खुणा, आणि त्या खुणांवरून शीर्षकं, याद्या, ठळक शब्द तयार करणारा प्रोग्रॅम. गिटहबवरची माहितीपत्रकं अशीच लिहितात, ऑब्सिडियनसारख्या ॲपमधली टिपणं अशीच साठवली जातात, आणि चॅटबॉट उत्तर देतात तेही बहुधा याच खुणांमध्ये.

यामागचा तांत्रिक भाग दहा मिनिटांत शिकून होतो. मला सतावतो तो वेगळाच प्रश्न. शब्दावर खूण करताना आपण शब्द सजवत असतो की वाचणाऱ्याला काही सांगत असतो? आणि सांगत असू, तर त्या सांगण्याची काही जबाबदारी आपल्यावर येते का?

खिळ्यांपासून चांदणीपर्यंत

मजकुरावर खुणा करणं ही छापखान्यातली जुनी गोष्ट. कंपोझिटर खिळे जुळवायला बसायचा, त्याआधी संपादक हस्तलिखितावर खुणा करून द्यायचा: हे शीर्षक, हा परिच्छेद आत घ्या, हा शब्द काळ्या टाइपात. त्याच्याही आधी आपल्याकडे पोथ्या लिहिणारे होते. चुकलेल्या मजकुरावर ते हरताळ नावाचा पिवळा पदार्थ फासायचे, म्हणजे तो भाग रद्द. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथून आला. व्हॉट्सॲपवरच्या ~ या खुणेचा तो आजोबाच म्हणायला हवा.

संगणक आल्यावर खुणा करण्याचे दोन मार्ग झाले. पहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: शब्द निवडायचा, ‘बी’ लिहिलेलं बटण दाबायचं, शब्द जाड होतो. तो का जाड झाला, याची नोंद कुठेच होत नाही. दुसऱ्या मार्गात शब्द काय आहे ते लिहून ठेवायचं आणि तो कसा दाखवायचा ते नंतर ठरवायचं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये दोन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदतात. ‘बी’ नावाचा टॅग मूळचा जाड अक्षरांसाठी होता. ‘स्ट्राँग’ नावाचा टॅग म्हणतो, हे महत्त्वाचं आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

पण एचटीएमएल हाताने लिहिणं म्हणजे शिक्षा. टॅगांच्या गर्दीत मूळ वाक्य हरवून जातं. अमेरिकेतला लेखक जॉन ग्रुबर याने २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केलं ते याच वैतागातून. त्याच्या रचनेत ॲरन स्वार्ट्झची मदत होती. स्वार्ट्झ तेव्हा सतरा वर्षांचा होता. ज्ञान कुलुपात राहू नये यासाठी पुढे झगडलेला आणि २०१३ मध्ये सव्विसाव्या वर्षी हे जग सोडून गेलेला तो हाच.

या दोघांनी खुणा फारशा शोधल्या नाहीत, त्या उचलल्या. साध्या ईमेलमध्ये ठळक अक्षरांची सोय नव्हती तेव्हा लोक आपणहून शब्दाला चांदण्या लावत होते, यादीच्या ओळीआधी छोटी रेघ देत होते, दुसऱ्याचं वाक्य उद्धृत करताना ओळीच्या सुरुवातीला कोनाची खूण ठेवत होते. लोक आधीच बोलत असलेल्या बोलीचं व्याकरण लिहावं, तसं हे काम झालं. शीर्षकाआधी #, यादीआधी -, जोर द्यायच्या शब्दाला एकेक चांदणी, जास्त जोर असेल तर दोन दोन.

ग्रुबरने यासाठी एक कसोटी ठेवली. खुणा केलेला मजकूर तसाच, कच्चा, कुणाच्या हाती दिला तरी तो वाचता आला पाहिजे. त्याचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम उद्या नाहीसा झाला तरी सावधान असं लिहिलेलं कोणालाही कळेल, की इथे लिहिणाऱ्याने आवाज चढवला होता. शिवाय या भाषेत ‘चूक’ म्हणून काही नसतं. चांदणी उघडली आणि बंद करायची राहिली, तर प्रोग्रॅम रुसून बसत नाही. ती चांदणी चांदणी म्हणून तशीच दिसते.

ही कसोटी मला सौजन्याची वाटते. ज्याच्याकडे सगळ्यात कमी साधनं आहेत त्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहायचं. महागडं ॲप नसलेला, जुना फोन असलेला, वीस वर्षांनी जन्मणारा, आपल्याला कधीच न भेटणारा असा तो वाचक.

दिसणं आणि असणं

दिसण्यावर सगळी भिस्त ठेवली तर काय होतं, हे मराठीइतकं महागात पडून फार थोड्या भाषा शिकल्या असतील.

१९९० च्या दशकात मराठी डीटीपी जोरात होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावं त्या काळात छापखान्यांत वावरलेल्या कोणालाही आठवतील. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला रोमन अक्षरं ठाऊक आहेत ना? मग त्या अक्षरांच्या चित्रांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं तर कागदावर ‘भारत’च उमटायचं, पण संगणकाने साठवलेलं असायचं एच, के, के, जे, आर. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. मराठीसारखी दिसणारी रोमन अक्षरं होती.

छपाई हाच शेवट होता तोवर हे खपलं. पण फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की निबंध, कथा, निकालपत्रं, लग्नपत्रिका, सगळ्याचा रोमन चिवडा. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, आणि एका फॉन्टचा मजकूर वाचवायला लिहिलेला परिवर्तक दुसऱ्या फॉन्टला चालत नाही. अशा फाइलींचे गठ्ठे मराठी प्रकाशकांच्या आणि लेखकांच्या जुन्या डिस्कवर पडून आहेत. शब्द गेलेले नाहीत, शब्दांची ओळख पटत नाही.

युनिकोडने दुसरा मार्ग धरला. त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. त्यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते. जुन्या फॉन्टांमध्ये ती दिसते तशी, म्हणजे आधीच साठवली जायची. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, मग वेलांटी, कारण आपण उच्चारतो त्या क्रमाने. ती डावीकडे काढून दाखवणं हे पडद्याचं काम. आधी काय आहे ते साठवायचं, कसं दिसेल ते मागाहून. मार्कडाउनची चांदणी हाच नियम शब्दांना लावते.

यात माणसंही येतात. अंध वाचक स्क्रीन रीडर वापरून लेख ऐकतात तेव्हा अनेकदा शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत जातात, जसे आपण अंगठ्याने पान सरकवत नजर टाकतो. त्यासाठी शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदलेलं असावं लागतं. आपण एखादी ओळ नुसती मोठी आणि जाड केली, तर ती डोळ्यांना शीर्षक वाटते, पण त्या वाचकाच्या दृष्टीने तिथे काहीच नसतं. सगळ्या दारांवर पाट्या रंगवल्यात आणि दारंच बसवलेली नाहीत, असं ते घर. ओळीआधी # ठेवण्याचे कष्ट एका सेकंदाचे. पण ते केले की नाही, यावर कोणी घरात येऊ शकेल की नाही ते ठरतं.

मग रूपाला काहीच किंमत नाही का?

इथे कोणी कवी हात वर करेल, आणि त्याने करावाच. आशय वेगळा, रूप वेगळं, रूप नंतर ठरवू, असं म्हणणं बातमीला ठीक आहे. कवितेत ओळ कुठे तुटते हाच आशय असतो. आणि मार्कडाउनला कवितेची समज नाही. त्यात एकदा एंटर मारून नवी ओळ सुरू केली, तर प्रोग्रॅम दोन्ही ओळी जोडून गद्य करून टाकतो. ओळ तोडायची तर आदल्या ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या, हा मूळचा उपाय. म्हणजे जी भाषा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांचा आग्रह धरते, तिने कवितेसाठी अदृश्य खूण ठेवली. ही तिच्या स्वतःच्याच तत्त्वाशी केलेली फारकत आहे.

हरकत बरोबर आहे. पण तिचं उत्तर आपल्या पोथ्यांमध्ये सापडतं. पोथीत ओव्या ओळी तोडून लिहीत नसत. कागद मोलाचा, म्हणून मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग चालायचा. मग ओवी कुठे संपली हे कसं कळायचं? दोन उभ्या रेघा आणि आकडा: ॥ १ ॥. ती खूण मजकुराच्या आतच असल्यामुळे पान लांब असो की अरुंद, नक्कल करणाऱ्याचं अक्षर बारीक असो की मोठं, ओवी मोडली नाही. आज आपण तीच ओवी सहा इंची पडद्यावर वाचतो आणि तरीही ती कुठे संपते ते कळतं.

म्हणजे ज्या रूपाला अर्थ आहे, त्याला स्वतःची खूण मिळाली पाहिजे. ज्या रूपाला अर्थ नाही, ते वाचणाऱ्यावर सोडून द्यावं. तो अक्षरं मोठी करेल, रात्री काळी पार्श्वभूमी घेईल, चालता चालता ऐकेल. आणि काही गोष्टी राहतीलच, ज्यांत रूप वेगळं काढताच येत नाही. सुलेखन, अक्षरांच्या आकारातून चित्र उभं करणारी कविता. त्यांनी चित्र म्हणूनच प्रवास करावा. सगळं लेखन तसं नसतं एवढंच. आपण दिवसभर जे लिहितो, म्हणजे निरोप, टिपणं, अर्ज, अभ्यास, भांडणं, ते जवळपास कधीच तसं नसतं.

साधं, पण कुणासाठी?

दुसरी हरकत मला जास्त टोचते. ‘साधा मजकूर’ म्हणताना तो कुणाला साधा?

एक उदाहरण घेऊ. पुस्तकाचं नाव अवतरणात आणि ठळक द्यायचं आहे. इंग्रजीत नाव संपलं की मोकळी जागा येते आणि पुढचा शब्द सुटा असतो. मराठीत आपण लिहितो ‘गावगाडा’मध्ये. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण जोडूनच लिहितो, ते आपलं व्याकरण आहे. पण मार्कडाउनच्या काटेकोर नियमांनुसार, बंद होणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल आणि लगेच नंतर अक्षर असेल, तर त्या चांदण्या ‘बंद’ मानल्या जात नाहीत. मग शब्द ठळक होत नाही, चार चांदण्या तशाच लोंबकळत राहतात. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. यात कोणी मराठीचा द्वेष केलेला नाही. नियम करताना डोळ्यांपुढे ज्या भाषा होत्या त्यांत शब्दानंतर जागा असते, एवढंच घडलं.

तिरप्या अक्षरांचंही तसंच. एका चांदणीचा अर्थ ‘जोर’. इंग्रजी छपाईत जोर तिरप्या अक्षरांनी दाखवायची परंपरा आहे, म्हणून प्रोग्रॅम शब्द तिरपा करतो. देवनागरीत ती परंपरा मूळची नाही. बहुतेक देवनागरी फॉन्टांमध्ये तिरपी अक्षरं काढलेलीच नसतात, मग संगणक सरळ अक्षरांना ढकलून वाकडं करतो आणि शिरोरेघेवरचा शब्द उतारावरच्या गाडीसारखा दिसू लागतो. पण इथे खुणेची बाजू उजळते. चांदणी ‘तिरपा कर’ असं म्हणतच नाही, ती ‘जोर आहे’ असं म्हणते. मराठी वेबसाइट करणारा माणूस जोर दाखवायला दुसरा रंग घेऊ शकतो, एकेरी अवतरण घेऊ शकतो. बटण दाबून तिरपा केलेला शब्द ही मोकळीक देत नाही.

हे काटेकोर नियम कुणी लिहिले, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रुबरने नियम सैल ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम आपापला अर्थ लावायचा आणि मार्कडाउनच्या बोली झाल्या. २०१४ मध्ये काही जणांनी मिळून नेमकं प्रमाण मांडलं आणि त्याला ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ म्हटलं. ग्रुबरने नावाला हरकत घेतली, आणि काही दिवसांतच त्याचं ‘कॉमनमार्क’ झालं. या प्रमाणाचा मुख्य लेखक जॉन मॅकफार्लेन हा बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, तर्कशास्त्र आणि भाषेचं तत्त्वज्ञान हे त्याचे विषय. चांदणी कधी उघडते आणि कधी मिटते, यासकट सगळ्या खुणांचे नियम सांगायला त्याला सहाशेहून अधिक उदाहरणं द्यावी लागली.

या वादात मला दोन्ही बाजू पटतात. रूढीने चालणारी भाषा लवचीक असते, पण ती बहुसंख्यांच्या सवयीने चालते. लिहिलेला नियम ताठ असतो, पण तो लिहिलेला असल्यामुळेच ‘गावगाडा’वाला माणूस त्यावर बोट ठेवून म्हणू शकतो, की इथे माझी भाषा बसत नाही. सैल रूढीत तक्रार कुठे करणार?

न मागता आलेल्या चांदण्या

इतके दिवस चांदणी लावणारा माणूस असायचा. बोटांना कीबोर्डचं दुसरं पान उघडावं लागायचं, चिन्ह शोधावं लागायचं. या छोट्याशा कष्टामुळे खूण जपून वापरली जायची. आता चॅटबॉटला काही विचारलं की उत्तर चांदण्यांनी लगडून येतं. प्रत्येक मुद्द्याला ठळक मथळा, त्याखाली यादी, यादीतल्या प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द पुन्हा ठळक. ते उत्तर उचलून दुसरीकडे चिकटवलं की कधीकधी चांदण्या उघड्या पडतात. महाविद्यालयातल्या प्रकल्पात, नोकरीच्या अर्जात, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, अगदी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या संदेशातही जोडीजोडीने उभ्या असलेल्या या चांदण्या तुम्ही पाहिल्या असतील.

त्यावर हसणं सोपं आहे. यंत्राची मदत घेतली म्हणून नाक मुरडण्यातही मला रस नाही. ज्याला अर्ज लिहिता येत नव्हता त्याला लिहिता आला, तर चांगलंच झालं. मला खटकतं ते वेगळं. चांदणी म्हणजे एक वचन असतं: बाकीचं राहिलं तरी चालेल, हे वाच, कारण मी ते तोलून पाहिलं आहे. श्रद्धांजलीच्या संदेशात ‘मनमिळाऊ स्वभाव’ ठळक झालेला दिसतो, तेव्हा कुणीतरी त्या माणसाला आठवून, चार गुणांतून हा एक निवडून, त्यावर बोट ठेवलं असं मी समजतो. तसं कुणीच केलेलं नसेल, तर ते वचन खोटं ठरतं. शब्द खरे असतील, जोर खोटा असतो.

लोकसभेतल्या त्या २० च्या मर्यादेचा अर्थ इथे उलगडतो. सगळेच प्रश्न तारांकित झाले असते तर प्रश्नोत्तराच्या तासाला कुणाचीच फजिती झाली नसती. चांदणीला किंमत आहे कारण ती लावताना दुसऱ्या कशाला तरी ती नाकारावी लागते. ज्या लिखाणात काहीच नाकारलेलं नाही, तिथे कशालाच जोर नाही.

आणि याद्या. यादी फार उपयोगी असते. वाणसामानाची, प्रवासाच्या तयारीची, दवाखान्यात न्यायच्या कागदांची यादीच हवी. पण विचाराची यादी केली की त्यातले सांधे निखळतात. समजा, एखाद्या गावाबद्दल असं लिहिलं:

- पाऊस कमी झाला
- उसाचं क्षेत्र वाढलं
- बोअर खोल गेल्या
- टँकर सुरू झाले

नीटनेटकं दिसतं. चारही ओळी खऱ्या असू शकतात. आता तेच वाक्यात लिहा: पाऊस कमी झाला, तरीही उसाचं क्षेत्र वाढलं, म्हणून बोअर खोल गेल्या आणि शेवटी ज्यांच्याकडे बोअर नव्हती त्यांच्यासाठी टँकर सुरू झाले. ‘तरीही’ लिहिताक्षणी कुणीतरी काहीतरी निवडलं होतं हे उघड झालं. ‘म्हणून’ लिहिताक्षणी आपण एक दावा केला, आणि तो चुकीचा असेल तर कोणी आपल्याला अडवू शकतो. यादीला कोणी अडवू शकत नाही, कारण ती काही म्हणतच नाही. चार गोष्टी शेजारी ठेवते आणि अंग काढून घेते. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ या शब्दांमध्ये जबाबदारी राहते. ओळीआधीची ती छोटी रेघ त्यांना गिळते तेव्हा मजकूर सुबक होतो आणि दोषी कोण ते दिसेनासं होतं.

मार्कडाउनचा यात दोष नाही. ती खूण लिहिणाऱ्याने म्हटलेलं जपायला केलेली आहे. न म्हटलेलं म्हटल्यासारखं दाखवायला ती वापरली जाते, तेव्हा ती पुन्हा त्या जुन्या फॉन्टांच्या पंगतीला जाऊन बसते: वरून विचारासारखं दिसणारं, आत काहीतरी दुसरंच साठवलेलं.

एक अक्षरी खूण

मराठीकडे जोर दाखवायची स्वतःची खूण आहे आणि ती कुठल्याही प्रोग्रॅमवाचून चालते. ‘मी येईन’, ‘मीच येईन’, ‘मी येईनच’. पहिल्यात साधी माहिती आहे. दुसऱ्यात दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही असं सांगणं आहे. तिसऱ्यात काहीही झालं तरी चुकवणार नाही अशी हमी आहे. ‘मीही येईन’ म्हटलं की बाकीचे येणारे दिसू लागतात. ‘मी तर येईन’ म्हटलं की न येणाऱ्यांबद्दल कुरबुर ऐकू येते. फोनवर बोलताना, चिठ्ठीत, अंध वाचकाच्या कानात, कुठेही हा जोर हरवत नाही. फॉन्ट बदलला तरी ‘च’ जागेवरच असतो.

चांदणी आणि ‘च’ यांत एक फरक आहे. चांदणी सांगते की इथे जोर आहे. ‘च’, ‘ही’ आणि ‘तर’ हा जोर कशासाठी आहे तेही सांगतात. म्हणून एखादा शब्द ठळक करावासा वाटला, तर आधी तेच वाक्य चांदणीशिवाय लिहून पाहता येईल. ‘फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे’ यातला ‘शुक्रवार’ ठळक करण्याआधी स्वतःला विचारता येईल, की मला ‘शुक्रवारपर्यंतच’ म्हणायचं आहे, की ‘शुक्रवारी भरली तरी चालेल’ असं? दोन्ही वाक्यांत शुक्रवार तितकाच महत्त्वाचा आहे. पण पहिलं वाचून कुणाच्या तरी पोटात गोळा येईल, आणि दुसरं वाचून कुणीतरी आज रात्री निवांत झोपेल.